डावीकडचा रामराम

ईरा आणि निनाद,

परवा ईराने नवं शिकाऊ लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं आणि लगेच विचारलं, "आजी, तू गाडी चालवायची का थांबवलीस?" मी म्हटलं, "वय झालं," आणि विषय निनादच्या क्रिकेटकडे वळवला. ते उत्तर खरं नव्हतं. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून आता क्रमाने लिहून काढते. माझ्यासारखं ज्यांना होईल त्यांनाही कदाचित उपयोग होईल. आबा म्हणतात, याची एक प्रत नामदेवरावांच्या पिठाच्या गिरणीत ठेवू, दळण होईपर्यंत लोक वाचत बसतील.

कपाटावरचे नियम

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन पिंपळीला उसाच्या शेतात आले, हे तुम्हाला माहीत आहे. बारामतीला शाळेत इंग्रजी शिकवलं. गाडी शिकले पंचेचाळिसाव्या वर्षी. आबांना ट्रॅक्टर येतो, पण गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले की त्यांना गुदमरल्यासारखं होतं, त्यामुळे घरात गाडी म्हणजे मी. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा इंदापूरला मुलींचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घ्यायचे. सकाळी जायचं, दुपारी परत. ती लाल गाडी, तो रस्ता आणि खिडकीतून येणारा गुऱ्हाळाचा वास, हे दोन दिवस माझे एकटीचे असायचे.

कपाटाच्या दाराला आतून मी माझे नियम चिकटवले होते. आबा त्यांना आचारसंहिता म्हणायचे. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. पहिली संपली की रस्ता मोकळा झाला असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो, म्हणून पुढचं सगळं दिसल्याशिवाय ओलांडायचं नाही. ट्रॉलीच्या मागे बरंच अंतर ठेवायचं, कारण बाहेर आलेल्या उसाला ब्रेक नसतो. फोन वाजला तर वाजू द्यायचा. आणि सगळ्यात वर, लाल शाईत: समोरचा चुकणार आहे असं धरूनच चालवायचं.

हा लाल नियम मी काटेकोर पाळला. त्यात एक माणूस धरायचा राहिला होता, हे पुढे कळलं.

बाईंना गर्व झाला

आपल्याकडे रस्त्याने जाताना ओळखीच्या माणसाला हात करावाच लागतो. पारावर बसलेला, शेताच्या बांधावर उभा असलेला, दुकानाच्या पायरीवरचा, सगळ्यांना. गाडीत असाल तर स्टिअरिंगवरून चार बोटं वर केली तरी चालतं, पण केली पाहिजेत. नाही केली तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

तर त्या हिवाळ्यात, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, माझ्याबद्दल तसं झालं. आधी आबांच्या कानावर आलं की बाईंना गर्व झालाय. मग शिंपीकाकूंनी मला तोंडावर ऐकवलं, "बाई, मी थांब्यावर उभी राहून हात करतीया, तुमी बघतबी न्हाय. आमी काय इंग्रजीत हात करायचा का?"

मला उलट बरंच वाटलं, खरं सांगते. म्हटलं, माझी नजर रस्त्यावर असते, शिस्त म्हणतात ती हीच.

घरात वेगळंच चाललं होतं. तुमची वैशालीकाकू हल्ली ताटात चटणी वाढत नाही, असं माझ्या लक्षात आलं होतं. तीन-चार दिवस गप्प बसले, मग बोलले. ती म्हणाली, "आई, वाढली आहे की." बघितलं तर ताटात चटणी होती, लिंबू होतं, कोशिंबीरही होती. मला वाटलं, मी बोलल्यावर पटकन वाढली. तिला वाटलं, सासूबाईंना उगाच खुसपट काढायचं आहे. दोघी आठवडाभर एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलत होतो, म्हणजे काय समजा. तुमचे काका या काळात जेवायला मुद्दाम उशिरा यायचे.

आणखी एक सांगायचं राहिलं. या सगळ्याच्या तीन आठवडे आधी, एका दुपारी माझं डोकं दुखलं होतं. डाव्या बाजूला पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी थोडा वेळ हललं. मी बाम लावून पडले, उठून चहा केला आणि विसरले. आजारपणात मी एवढी एकच चूक केली, पण ती मोठी होती.

किटली

त्या गुरुवारी आबा माझ्याबरोबर गाडीत होते. इंदापूरला तहसील कचेरीत त्यांचं उताऱ्याचं काम होतं. पिंपळी सोडून थोडं पुढे गेलो असू. नामदेवरावांची गिरणी जवळ आली, आणि आबा एकदम ओरडले, "अगं, ब्रेक! ब्रेक दाब!"

मी दाबला. तरीही डावीकडे फाडकन आवाज झाला, आरसा तुटून लोंबकळला आणि रस्त्यावर दूध वाहायला लागलं.

मळ्याच्या वाटेच्या तोंडाशी एक दूधवाला मोटरसायकल धरून उभा होता. माझ्या आरशाने त्याची किटली उडवली होती. त्याला काही लागलं नव्हतं. मी खाली उतरले आणि, मास्तरकी कुठे जाते, त्यालाच झाडलं. "डावीकडून रस्त्यावर येताना आधी थांबायचं असतं, कळत नाही का?"

तो संपत होता. माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, दोन पोरींचा बाप. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी थांबलोच हुतो. तुमी हात कराल म्हणून तुमच्याकडंच बघत हुतो. गाडी तुमची आली माझ्याकडं."

मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. म्हणजे ते खरं होतं.

नामदेवराव पिठाने पांढरे झालेले हात झटकत बाहेर आले. त्यांनी आधी आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग मनात साठलेलं बोलून टाकलं. "बाई, आता इषय निघालाच हाय तर इचारतो. तुमी इंदापूरला जाताना वळख देत न्हाय, आन येताना मातर झकास हात करता. दर खेपंचं हाय हे. सकाळी आमचं काय चुकतं?"

मी बाकावर बसून विचार करायला लागले. जाताना गिरणी डावीकडे. येताना उजवीकडे. शिंपीकाकूंचा थांबाही जाताना डावीकडे. संपत डावीकडे.

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आन चटणी?"

"चटणीचं काय?"

"ताटात चटणी डावीकडंच वाढत्यात की गं."

मुलांनो, मी अनेक वर्षं मुलांना कोडी घातली, पण माझं कोडं तुमच्या आबांनी गिरणीच्या बाकावर सोडवलं. मी हाताने उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. दोन्ही वेळा समोर नामदेवराव दिसत होते, आणि माझ्या डावीकडे, जिथे संपत उभा असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. अंधार नाही की धूसर नाही. नुसतं काहीच नाही. मी थोडी मान वळवली आणि संपत उगवला, हातात रिकामी किटली घेऊन.

आबांनी घरी फोन केला. वैशाली स्कूटीवरून दहा मिनिटांत आली. मी म्हटलं, "गाडी इथेच राहू दे, एसटीने जाऊ." ती म्हणाली, "आई, मला लायसन्स मिळून चार वर्षं झाली." मला ते माहीत होतं. चार वर्षांत मी तिला किल्ली दिली नव्हती, तेही माहीत होतं. मी किल्ली दिली.

ठिपक्यांची परीक्षा

बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात माझी हनुवटी टेकवली आणि हातात बटण दिलं. आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं पेपर सोपा आहे. मध्ये मध्ये बराच वेळ ठिपकाच येत नव्हता. मी मॅडमना म्हटलं, "यंत्र अडकलंय वाटतं."

"नाही आजी," त्या म्हणाल्या, "ठिपके येतायत."

त्यांनी छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला. दोन गोल. दोन्हींची डावी बाजू काळी. अगदी रेघ मारून भरल्यासारखी.

"डोळे तुमचे ठणठणीत आहेत. बिघाड इथे आहे," म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या मागे हात ठेवला. मेंदूचा झटका, छोटा. बघण्याचं काम करणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटला होता. ज्या दुपारी मी बाम लावून पडले, बहुतेक तेव्हाच.

मी विचारलं, "मग मला कळलं कसं नाही?"

"मेंदूला जे दिसत नाही, ते आहे हेच तो विसरतो. तुमच्या आधीही कितीतरी जण म्हणाले, यंत्र अडकलंय."

मग मी दुसरा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं मी आधी विचारेन, हे बरं होईल का. विचारलं ते असं: "मी गाडी चालवू शकेन का?"

"आत्ता नाही. तीन महिन्यांनी परत परीक्षा."

त्या परीक्षेसाठी मी जगायचं ठरवलं. हसू नका. माणसाला काहीतरी लागतं.

डाव्या हाताचा चहा

चार दिवस दवाखान्यात होते. पहाटे रक्तदाब, मग गोळ्या, मग डोक्याचा फोटो काढणाऱ्या त्या ढोलासारख्या यंत्रात पडून राहायचं, मग हृदयाची तपासणी, मग परत रक्तदाब. वेळापत्रक ठरलेलं असल्यामुळे मला ते आवडलं, हे कुणाला सांगितलं नाही.

तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आजी, चहा, गोळ्या, चष्मा सगळं डावीकडेच ठेवणार. पाहिजे असेल तर मान वळवायची." पहिले दोन चहा माझ्या शेजारी थंड झाले. तिसऱ्या वेळी चहा आणणाऱ्या मावशींना दया आली. कप ठेवला की त्या चमच्याने स्टुलावर दोनदा टक टक करायच्या आणि सिस्टरकडे बघून म्हणायच्या, "मी कुठं काय सांगितलं? चमचा पडला."

भीती मात्र यायची. भेटायला आलेली माणसं दुपारी निघून गेली की तो आरसा डोळ्यांपुढे यायचा. आरशाच्या उंचीवर किटली होती. किटलीच्या मागे संपतचा गुडघा होता. वीतभर अंतर. वर्ग घेऊन परत येताना मी कितीदा गाणी गुणगुणत त्या रस्त्याने गेले असेन, आणि डावीकडे कोण कोण मला चुकवून उभं राहिलं असेल, याची मोजदाद करत पडायचे. आयुष्यभर मी समोरच्याची चूक धरून चालवत आले. चुकणारी मी असेन, हे कपाटावरच्या कागदात कुठेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संपतच भेटायला आला, दुधाची बरणी घेऊन. मी हात जोडले. म्हटलं, "संपत, चूक माझी होती आणि वर तुलाच रागावले."

"बाई, सातवीतबी रागावलाच हुता की," तो म्हणाला. "खिडकीची काच फुटली तवा. तवाबी मी न्हवतो."

"मग कोण होतं?"

"आता सांगून काय उपेग? त्यो सरपंच हाय."

शेजारच्या खाटेवरच्या बाई इतक्या हसल्या की सिस्टर धावत आली.

मान वळवायची शाळा

घरी आल्यावर कामाला लागले. रोज सकाळी आबांबरोबर रस्त्याच्या कडेने गिरणीपर्यंत चालत जायचं आणि दहा पावलांनी एकदा मान पूर्ण डावीकडे वळवायची, असा अभ्यास मिळाला होता. पहिल्या आठवड्यात मी एका म्हशीला, कडब्याच्या ढिगाला आणि ग्रामपंचायतीच्या फलकाला धडकले. म्हैस सोडून कुणी राग मानला नाही.

गावाला आजार कळला तेव्हा गर्वाचा विषय मिटला, आणि लोक मदतीला आले, आपल्या पद्धतीने. डाव्या बाजूला जो असेल तो मुद्दाम मोठ्याने रामराम घालायचा. मी मान वळवून शोधायचे. नामदेवराव तर गिरणीच्या दारात लपायचे आणि मी शोधून काढलं की म्हणायचे, "आज लवकर घावलो!" शिंपीकाकू नुसता हात करून गप्प उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "वरडून सांगितल्यावर कुनालाबी दिसंल. बिनआवाजाचं दिसलं पायजे." दवाखान्यातल्या व्यायामाच्या कागदापेक्षा काकू कडक होत्या.

गाडी वैशाली चालवू लागली. मी डावीकडे बसायचे आणि तिचा जीव नकोसा करायचे. अंतर ठेव. गिअर बदल. आता नको. पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जायचा. तिसऱ्या खेपेला तिने गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर दाखवून, आरशात बघून, अगदी माझ्या नियमाप्रमाणे, आणि म्हणाली, "आई, तुमचा तो कागद मला पाठ आहे. चार वर्षं कपाट उघडलं की तोच वाचते. आता मला चालवू द्या."

मी त्या दिवशी इंदापूरपर्यंत एक शब्द बोलले नाही. रागाने नाही. तिने दोन ट्रॉल्यांच्या मागे कितीतरी वेळ धीर धरला. मला बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

अंगणातली परीक्षा

तीन महिन्यांनी परत ठिपके मोजले. काळ्या भागाचा वरचा कोपरा उजळला होता. डॉक्टर मॅडम खूश होत्या. "चालायला, वाचायला, वर्ग घ्यायला पुरेसं आहे. स्टिअरिंगला नाही. पुढे थोडं आणखी उजळेलही, पण मी आशा लावून ठेवणार नाही."

मी घरी आले आणि रुसले. वरचा कोपरा आला आहे ना, मग मी मान वळवून वळवून चालवीन. पिंपळी ते गिरणी, तेवढंच. पहाटे रस्ता मोकळा असतो. मी मनातल्या मनात आपल्या ईरापेक्षा वाईट वकिली करत होते.

शेवटी मी स्वतःच पेपर काढला. अंगणात गाडी उभी होती. मी उजव्या जागेवर बसले, इंजिन बंद, नजर समोर पेरूच्या झाडावर. वैशालीला म्हटलं, "गाडीच्या मागून डाव्या बाजूने चालत पुढे ये, एक हात वर करून. दिसलीस की मी 'आता' म्हणेन. मी मान नेहमी वळवते तशीच वळवणार, फसवणार नाही."

ती निघाली. मी डावीकडे पाहिलं, समोर पाहिलं, परत डावीकडे, परत समोर. आणि मग आत्मविश्वासाने म्हणाले, "आता!"

पण मला जी दिसली ती वैशाली नव्हती, खिडकीत आबा होते. ते म्हणाले, "आता काय? ती कवाच पुढं आली. बॉनेटवर हात ठेवून उभी हाय."

ती खरंच तिथे होती. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर, हात वर करून, हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरले होते. मी दोन वेळा मान वळवली होती, आणि त्या दोन वळणांच्या मधल्या वेळात ती अख्खी गाडी ओलांडून पुढे गेली होती. संपतही असाच तिथे उभा होता.

मी किल्ली काढली आणि खिडकीतून आबांकडे दिली. आबांनी ती वैशालीला दिली. माझ्या हातून थेट देववली नाही, एवढं मात्र खरं.

मग मी आत जाऊन कपाटाचं दार उघडलं आणि लाल ओळीखाली एक ओळ लिहिली: त्यात मीही आले. कागदाचा फोटो काढून ईराला पाठवते आहे. ईरा, भिंतीवर लाव किंवा लावू नको, पण एवढं कर: कुणी म्हणालं की तू मला बघितलं नाहीस, तर आधी वाद घालू नको. आणि नजरेत एकाएकी काही हललं किंवा हरवलं, कितीही थोडा वेळ, तर बामाला हात लावायच्या आधी दवाखाना गाठ. हे तुझ्या बाबालाही सांग, तो माझ्यावरच गेला आहे.

रामराम खातं

वर्ग चालू आहे. वैशाली आता मागच्या बाकावर बसते आणि मुलींपेक्षा चांगलं बोलते. गेल्या आठवड्यात नामदेवरावांनी मला रस्त्यात गाठलं. "बाई, आता तुमच्या सूनबाई वळख देत न्हाईत. तेंच्याबी डोक्यात काय झालंय का?"

"नाही हो," मी म्हटलं, "तिची नजर रस्त्यावर आहे. आमच्या गाडीत रामराम खातं आता माझ्याकडे आहे."

आणि ते मी नीट सांभाळते. डावीकडे बसते, दर थोड्या वेळाने मान पूर्ण वळवते, शोधते, हात करते. मला कळलं आहे की तो हात नुसता मान द्यायला नसतो. समोरचा त्याच्यावर भरवसा ठेवून उभा असतो: यांनी मला बघितलं.

काल सकाळी मळ्याच्या वाटेला संपत उभा होता. नवी किटली, मोटरसायकलचं चाक डांबरापासून बरंच मागे. वैशालीने वेग कमी केला. मी मान वळवली. पहिल्यांदा नुसतं शेत दिसलं. आणखी वळवली. मग चाक, मग किटली, मग संपत. मी हात वर केला. त्याने हात वर केला.

"दिसला?" वैशालीने विचारलं, नजर समोर ठेवून.

"दिसला. त्यानेही बघितलं."

"जाऊ?"

"जा."